बाळाच्या पहिल्या दोन वर्षांत पैसा कुठं वाचतो, अन् कुठं वाचवू नये

अमरावती/अकोला : कपाशी-सोयाबीनच्या घरात पैसा येतो तो दिवाळीच्या आगेमागे. बाळ मात्र हंगाम पाहून जन्माला येत नाही. ऐन पेरणीत पाळणा हलला, की बियाणं, खत आणि दवाखाना असे तिन्ही खर्च एकाच महिन्यात उभे राहतात. मग कुठं गळ्यातलं गहाण पडतं, कुठं बचत गटातून उचल होते.

खर्चाचा हिशोब मांडला तर एक गोष्ट लक्षात येते. बाळंतपणापेक्षा नंतरचे महिने जास्त खातात. दुधाचा डब्बा, खोकल्याची बाटली, ताकदीचं टॉनिक, डायपरचं पाकीट, पाच रुपयांचे पुडे. यातलं बरंचसं बाळाला लागतच नाही. जे खरोखर लागतं, त्यातलं बहुतेक अंगणवाडीत, उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतं. पण ते मागावं लागतं, त्यासाठी कागद लागतात आणि ते वेळेत करावे लागतात.

सगळ्यात महाग वस्तू : दुधाचा डब्बा

तीन-चार महिन्यांच्या बाळाला पूर्ण वरच्या दुधावर ठेवलं, तर ४०० ग्रॅमचा डब्बा साधारण चार दिवसांत संपतो. म्हणजे महिन्याला सात-आठ डब्बे. डब्बा ४०० रुपयांचा धरला तरी महिन्याला तीन हजार आणि सहा महिन्यांत अठरा हजार होतात. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या भावानंही तीन क्विंटलहून जास्त सोयाबीन नुसत्या डब्ब्यात गेलं. बाटली, निपल, उकळायचा गॅस हे वेगळंच.

डब्बा घरात येतो कसा? बहुतेक वेळा एका वाक्यानं. "पोटच नाही भरत वाटते लेकराचं, डब्बा लावून दे." बाळ रडलं की आईचं दूध कमी पडतं असा अंदाज बांधला जातो. पण बाळ रडतं ते गरम होतं म्हणून, ओलं झालं म्हणून, नुसतं उचलून घ्यावं म्हणूनही. दूध पुरतं की नाही याची खरी परीक्षा फुकट आहे. पहिला आठवडा गेल्यावर बाळ दिवस-रात्र मिळून सहा किंवा जास्त वेळा लघवी करत असेल, आणि अंगणवाडीच्या काट्यावर वजन दर महिन्याला वाढत असेल, तर दूध पुरतं. माता-बाल संरक्षण कार्डावरची वजनाची रेघ वर जाते का, ते पाहा. ती रेघ शेजारणीच्या अंदाजापेक्षा खरी.

वरचं दूध सुरू झालं की बाळ अंगावर कमी ओढतं. ते कमी ओढतं म्हणून आईला दूध कमी येतं. मग डब्बा वाढतो. हे चक्र एकदा फिरलं की थांबवणं कठीण. दूध वाढवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे बाळाला वारंवार, रात्रीसुद्धा, अंगावर घेणं आणि आईला पोटभर जेवू घालणं. डिंकाचे, मेथीचे लाडू द्यावेत, पण त्याआधी वरण, भाजी, भाकर पुरेशी मिळाली पाहिजे. बाळंतिणीला 'बाधते' म्हणून महिनाभर नुसत्या भातावर ठेवलं, तर लाडवानं काही भरून निघत नाही.

डब्ब्यात आणखी एक धोका आहे, तो पैशाशीच जोडलेला. महिनाअखेर डब्बा पुरवायचा म्हणून चार चमच्यांच्या जागी दोन टाकले जातात. दूध पांढरं दिसतं, बाळाचं पोटही भरल्यासारखं वाटतं, पण ते आतून उपाशी राहतं. अशी काटकसर बाळाच्या वजनातून वसूल होते.

आणि आपल्याकडं तर पाण्याचाच प्रश्न. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या खारपाणपट्ट्यातल्या कित्येक गावांत विहिरी-बोअरचं पाणी खारट आहे. उकळल्यानं जंतू मरतात, मीठ जात नाही. उलट पाणी आटतं तसं ते जास्त खारट होतं. अशा पाण्यात कालवलेलं दूध तान्ह्या बाळाच्या मूत्रपिंडावर ओझं टाकतं. आईच्या दुधात हा प्रश्नच येत नाही.

पाण्यावरून एक जुना वादही मिटवायला हवा. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या घरात गेला, की घरातली म्हातारी म्हणतेच, "घसा सुकला असन लेकराचा, पाणी पाज चमचाभर." सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी लागत नाही. आईच्या दुधात ८५ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. उन्हाळ्यात बाळाला जास्त वेळा अंगावर घ्यावं आणि पाण्याचा तांब्या आईच्या हाती द्यावा.

निंदण-वेचणीला जाणाऱ्या बाईचं काय? सकाळी निघण्याआधी बाळाला पाजावं, मग हातानं दूध काढून उकळून घेतलेल्या स्टीलच्या वाटीत झाकून सावलीत ठेवावं. ते चार तासांच्या आत संपवावं, उन्हाळ्यात त्याहून लवकर. पाजायचं वाटी-चमच्यानं. बाटलीचं निपल नीट उकळलं नाही, की हगवण ठरलेली. दूध कसं काढायचं ते आशाताई दाखवतात. विचारायला लाजू नये.

काही बाळांना वरचं दूध खरोखर लागतं. आई फार आजारी असली किंवा नसली, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं ते द्यावंच लागतं. त्यात कमीपणा काही नाही. मात्र दोन वर्षांच्या आतल्या बाळांसाठीच्या दुधाच्या डब्ब्यांची, बाटल्यांची, तयार आहाराची जाहिरात करायला आणि फुकट नमुने वाटायला १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे. २००३ मध्ये तो आणखी कडक केला. कोणी आग्रहानं नमुना हातात ठेवत असेल, तर तो नाकारण्याच्या बाजूनं कायदा उभा आहे.

सहा महिन्यांनंतर : ज्वारी, मूग आणि पाच रुपयांचा पुडा

सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधासोबत वरचं अन्न सुरू. इथं दुसरा डब्बा दार ठोठावतो, तयार खिमटाचा. २०२४ च्या एप्रिलमध्ये 'पब्लिक आय' या स्विस संस्थेनं भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये वरून साखर टाकलेली असल्याचं समोर आणलं आणि देशभर चर्चा झाली. बाळाला गोड चव एकदा लागली, की घरचं वरण नको होतं. वर्षाच्या आतल्या बाळाच्या अन्नात साखर, गूळ, मीठ काहीच टाकायची गरज नाही. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, घुटीतही नको.

घरचं खिमट करायला तीन वाट्या धान्य अन् एक वाटी डाळ. ज्वारी, गहू किंवा तांदूळ घ्या, सोबत मुगाची डाळ. वेगवेगळं मंद आचेवर भाजून बारीक दळून आणा. ज्वारी किलोला ४० आणि मूगडाळ १२० रुपये धरली, तर किलोभर पिठाला साठ-सत्तर रुपये. एवढ्यात महिना सहज निघतो. शिजवताना घट्ट ठेवायचं, चमचा वाकडा केला तर ओघळून जाऊ नये इतकं. वरून अर्धा चमचा तेल किंवा तूप घालायचं. पातळ पेजेनं पोट भरतं, अंग धरत नाही.

इथं एक सावधगिरी. मोड आणलेलं धान्य पौष्टिक असतं म्हणून कोणी ज्वारीला मोड आणतं. तसं करू नये. कोवळी ज्वारी खाऊन जनावराला किरळ लागते हे शेतकऱ्याला सांगायला नको. तेच द्रव्य ज्वारीच्या कोंबात असतं. मोड आणायचे ते मुगाला किंवा गव्हाला.

आठव्या-नवव्या महिन्यापासून घरातलंच जेवण कुस्करून चालतं. तिखट घालण्याआधी वरण बाजूला काढा, त्यात भाकर मोडा, पालक किंवा शेवग्याचा पाला टाका. अंडं चालत असेल तर उकडून द्या. वरुड-मोर्शीकडं संत्री, अकोट-अंजनगावकडं केळी. हंगामात घरचं फळ असताना बाटलीतला ज्यूस विकत घेण्यात काही अर्थ नाही.

आता पुडा. रोज पाच-पाच रुपयांचे दोन पुडे, म्हणजे महिन्याला ३०० रुपये. अंडं सात रुपयांचं धरलं तर तेवढ्यात चाळीसहून जास्त अंडी येतात. पुडा खाल्लेलं लेकरू जेवत नाही; जेवत नाही म्हणून टॉनिक आणलं जातं. हा खर्च दुप्पट आहे, पण वहीत कुठं दिसत नाही. चहा-बिस्किटाचंही तेच. चहामुळं अन्नातलं लोह अंगाला लागत नाही, आणि आपल्याकडं लेकरांत रक्त कमी असणं ही काही नवी गोष्ट नाही. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरी तर 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकू नका, असं केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं होतं.

अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांना घरपोच आहार मिळतो. गरोदर बायांना आणि बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत स्तनदा मातांनाही. 'चव नाही' म्हणून ही पाकिटं शेळीपुढं जातात, हे गावोगाव सगळ्यांना माहीत आहे. त्याच पिठात घरचं मुगाचं पीठ मिसळून धिरडं केलं तर लेकरं खातात. मेळघाटात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण आणि सात महिन्यांवरच्या बालकांना अंडी किंवा केळी मिळतात. ती मिळत नसतील तर अंगणवाडीत विचारायचा हक्क आहे.

औषधाची बाटली

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये वरुडच्या सीमेपलीकडं, मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात 'कोल्ड्रिफ' नावाचं खोकल्याचं औषध पाजल्यावर लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. वीसहून जास्त मुलं गेली. त्यातल्या कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. तपासणीत त्या औषधात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं. आजार होता तो साधा सर्दी-खोकला.

त्यानंतर ३ ऑक्टोबर २०२५ ला केंद्रीय आरोग्य खात्यानं सूचना काढली : दोन वर्षांच्या आतल्या बाळाला खोकला-सर्दीचं औषध देऊच नये, आणि पाच वर्षांच्या आत ते सहसा देऊ नये. लेकरांची बहुतेक सर्दी आपोआप बरी होते. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब, अंगावरचं दूध, ऊब आणि वर्षावरच्या लेकराला कोमट पाणी पुरतं. मेडिकलवाल्याला 'खोकल्याचं द्या' म्हणून स्वतःच्या मनानं बाटली आणणं बंद केलं तर पैसेही वाचतात आणि जिवाचा धोकाही टळतो. मोठ्या भावासाठी आणलेली बाटली धाकट्याला पाजणं तर सगळ्यात वाईट.

हगवणीत दोनच गोष्टी लागतात, ओआरएस आणि झिंक. दोन्ही आशाताईंकडं आणि उपकेंद्रात फुकट मिळतात. पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात टाकायची. अर्धी पुडी, अर्धा ग्लास असा अंदाज करायचा नाही. कालवलेलं पाणी २४ तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं. झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज एक, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, आईच्या दुधात विरघळवून. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करायचे.

दुकानात खोक्यात मिळणारी गोड, रंगीत 'ओआरएस' पेयं ही ओआरएस नव्हेत. त्यांच्यातल्या साखरेनं हगवण वाढू शकते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी कित्येक वर्षं या नावाविरुद्ध लढा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांवर 'ओआरएस' हा शब्द वापरायला मनाई केली. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असं लिहिलेलं असेल तीच घ्यायची.

घुटीबद्दल थोडक्यात. सहाणेवर उगाळलेलं जायफळ चाटवल्यावर बाळ शांत झोपतं, ते गुंगीनं. पोट साफ झालं म्हणून नव्हे. सहा महिन्यांपर्यंत घुटी, ग्राइप वॉटर यातलं काही नको. नाळेवर हळद, राख, तेल काही नको, ती कोरडी ठेवली की आपोआप पडते. काजळात शिसं असू शकतं. दृष्टीची तीट लावायचीच तर ती तळपायाला लावावी.

टॉनिकच्या जागी सरकारी लोहाचं औषध आहे. सहा महिने ते पाच वर्षं वयात ते आठवड्यातून दोनदा, एकेक मिलिलीटर द्यायचं असतं. नवव्या महिन्यापासून दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा डोस. वर्षानंतर वर्षातून दोनदा जंताची गोळी. आणि लसी. बीसीजी, पोलिओ, पेंटाव्हॅलंट, रोटाव्हायरस, न्यूमोनियाची पीसीव्ही, गोवर-रुबेला या सगळ्या सरकारी केंद्रात मोफत आहेत. खाजगीत यातल्या काही लसींना एका डोसला हजारो रुपये लागतात. 'महागाची लस चांगली' असं काही नसतं.

डायपर, कपडे, कॉन्व्हेंट

दिवसाला चार डायपर, एक दहाचा धरला तर महिन्याला बाराशे. घरी सुती लंगोट, प्रवासात डायपर, एवढं ठरवलं तर पाकीट दीड-दोन महिने जातं. आजीचं जुनं सुती लुगडं फाडून केलेली दुपटी बाजारातल्यापेक्षा मऊ असतात. ती कडक उन्हात वाळवा. उन्हाची आपल्याकडं काही कमी नाही. वॉकर घेऊ नये, त्यानं बाळ लवकर चालत नाही, उलट पडतं. पावडर लागत नाही. चुलतभावाचे कपडे चालतात.

लेकरू तीन वर्षांचं झालं की कॉन्व्हेंटची फी सुरू होते. अंगणवाडीत तीन ते सहा वयाला गरम जेवण आणि पूर्वशिक्षण फुकट आहे. खाजगी इंग्रजी शाळा हवीच असेल, तर शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के मोफत जागांची सोडत दरवर्षी ऑनलाइन निघते, तिच्यावर लक्ष ठेवावं.

हक्काचे पैसे का अडकतात

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. गरोदरपणाची नोंदणी आणि तपासणी झाल्यावर ३,००० आणि बाळाची जन्मनोंद व पहिल्या टप्प्याच्या लसी झाल्यावर २,०००. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० एकरकमी. 'लेक लाडकी' योजनेत १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या आणि वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असलेल्या कुटुंबात, जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५,००० मिळतात. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मातेला जननी सुरक्षा योजनेतून सरकारी बाळंतपणात ग्रामीण भागात ७०० रुपये मिळतात.

पैसे अडकतात ते बहुतेक नावावरून. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, रेशनकार्डात नावच नाही. ही रक्कम आईच्या स्वतःच्या, आधार जोडलेल्या खात्यात येते. नवऱ्याचं खातं चालत नाही. लग्नानंतर पहिल्या सहा महिन्यांतच ही तिन्ही कागदं एका नावावर आणली, तर पुढचे दहा हेलपाटे वाचतात.

दुसरी अडचण माहेरच्या बाळंतपणाची. नोंद सासरी, बाळंतपण माहेरी, लस कधी इथं कधी तिथं. माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत सोबत असलंच पाहिजे, आणि दोन्ही गावच्या आशाताईंना कळवायला हवं. जन्मनोंद २१ दिवसांच्या आत फुकट होते. वर्ष उलटलं तर महसूल अधिकाऱ्याच्या आदेशापर्यंत जावं लागतं. दवाखान्यातून सुट्टी घेण्याआधीच नोंदीचा अर्ज भरल्याची खात्री करा. दवाखान्यात जाण्या-येण्याला एसटी घेतली तर बायांना निम्मं तिकीट, पाच वर्षांच्या आतल्या लेकराला तिकीट नाही.

इथं मात्र पैसा पाहायचा नाही

बाळ अंगावर ओढत नाही, सुस्त पडलंय, अंग गार किंवा तापलेलं आहे, झटके येतात, तळहात-तळपाय पिवळे झालेत, श्वास घेताना छाती आत ओढली जाते. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नये. श्वासही मोजता येतो. बाळ शांत असताना मिनिटभर पोटाची हालचाल मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४० किंवा जास्त असेल तर तो न्यूमोनिया असू शकतो.

अशा वेळी उशीर होतो तो खर्चाच्या भीतीनं. पण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, २०११ पासून, सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, रक्त, औषधं, तपासण्या, बाळंतिणीचं जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचारही मोफत. बाहेरून औषध आणायला चिठ्ठी दिली, तर या कार्यक्रमाचं नाव घेऊन विचारावं. अमरावतीचं डफरीन आणि अकोल्याचं लेडी हार्डिंग या जिल्हा स्त्री रुग्णालयांत कमी वजनाच्या, आजारी नवजात बाळांवर उपचार होतात. जन्मतः हृदयाला छिद्र, दुभंगलेला ओठ असं काही असलं, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्याला दाखवल्यास शस्त्रक्रियाही मोफत होते. वावर विकायची गरज नाही.

मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापल्या लोखंडाचे चटके, म्हणजे डम्मा देण्याच्या बातम्या अजून येतात. चटका देणाऱ्यानं पैसे घेतले नसतील, पण त्या जखमा घेऊन बाळ शेवटी दवाखान्यातच येतं, तेही उशिरा.

आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात, घरीच बाळंतपण झालं असेल तर सात वेळा. त्यानंतर बाळ ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांचं झाल्यावर. येताना त्यांच्याकडं काटा आणि थर्मामीटर असतो. त्या आल्या की बाळ झोपलंय म्हणून परत पाठवू नका, वजन करून घ्या आणि त्यांचा नंबर घरातल्या प्रत्येक फोनमध्ये ठेवा. गाडीसाठी १०२ आणि १०८ हे दोन्ही नंबर मोफत आहेत.